‘वीस एक’ची थट्टा आणि दुसरीचा वर्ग

२०१९ सालच्या जून महिन्यात महाराष्ट्राची काही दिवस मोठी करमणूक झाली. निमित्त होते बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकाचे. २१ ही संख्या ‘एकवीस’ अशी वाचावी, तशीच ती ‘वीस एक’ अशीही वाचता येईल, असे त्या पुस्तकात सुचविले होते. ९७ या संख्येला ‘सत्त्याण्णव’बरोबरच ‘नव्वद सात’ असा पर्याय दिला होता. एवढ्यावरून गदारोळ उठला. वृत्तपत्रांतून अग्रलेख आले, व्यंगचित्रे आली, विधानसभेत पुढाऱ्यांच्या आडनावांवर कोट्या झाल्या, मराठी भाषा बुडाल्याचे सुतक काहींनी पाळले. गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की, जुनी नावे काढून टाकलेली नाहीत, हा केवळ पर्याय आहे, मुलांना जोडाक्षरांनी भरलेली संख्यानामे जड जातात म्हणून ही सोय केली आहे. त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याइतकी उसंत कोणाला नव्हती. प्रकरण फेरविचारासाठी तज्ज्ञांकडे गेले आणि हसणारे दुसऱ्या विषयाकडे वळले. नारळीकरबाई २०२३ च्या जुलैत निवर्तल्या. त्यांच्यावरील मृत्युलेखांतही या वादाचा उल्लेख बहुधा एक गमतीदार प्रसंग म्हणून आला.

हसणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता, हे आधीच सांगून टाकणे बरे. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला दुसरीच्या पुस्तकात काय छापले आहे याची उठाठेव करण्याचे कारण नव्हते. आमच्या प्राध्यापक-कक्षात मोबाइलवर आलेली एक कोटी मी वाचून दाखविली, सर्वजण हसले, आणि ती कोटी मी पुढे चारजणांना पाठविली. तिची किंमत कोण मोजत होते हे त्या दिवशी संध्याकाळी घरी गेल्यावर कळले. माझी पत्नी उल्हासनगरच्या कॅम्प एकमधील एका मराठी शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग घेते. त्या दिवशी एका पालकाने शाळेच्या दारात तिला गाठून विचारले होते, “बाई, हे ‘पन्नास तीन’ तुम्ही मुलांना शिकवता म्हणे? ही कुठली मराठी?” त्या गृहस्थांच्या हातात मोबाइल होता आणि त्यावर मी पाठविली तशीच एक कोटी होती.

गंमत अशी की, ‘पन्नास तीन’ ही पद्धत तिने पुस्तकातून उचललेली नव्हती. पुस्तक येण्यापूर्वी कित्येक वर्षे ती वर्गात ‘दुकान-दुकान’ खेळत असे. जुन्या कॅलेंडरच्या पानांचे आयताकृती तुकडे कापून त्यांवर १० लिहायचे, म्हणजे झाल्या दहाच्या नोटा. सुटे पैसे म्हणून चिंचोके. एक मूल दुकानदार, दुसरे गिऱ्हाईक. त्रेपन्न रुपयांची वस्तू घ्यायची तर गिऱ्हाईक मोजून द्यायचे: दहाच्या पाच आणि सुटे तीन. कॅम्प एकच्या मुलांना या खेळात काहीच नवीन नसते. निम्म्यांच्या घरी छोटे-मोठे दुकान, नाही तर गाडी, नाही तर पापड-लोणच्याचा उद्योग. गल्ल्यावर बसलेल्या आजोबांच्या मांडीवर ही मुले नोटा आणि सुटे वेगळे करायला शिकलेली असतात. ‘दहाच्या पाच नि सुटे तीन’ हे त्यांच्या तोंडचे वाक्य. त्याचे ‘पन्नास तीन’ व्हायला एक आठवडा लागतो, आणि ‘पन्नास तीन म्हणजेच आपण त्रेपन्न म्हणतो ते’ हे सांगायला दुसरा. त्या जूननंतर तिने वर्गात ‘पन्नास तीन’ मोठ्याने म्हणणे बंद केले. मुख्याध्यापकांनी तिला मनाई केली नव्हती. वरून कोणताही आदेश आलेला नव्हता. ती थट्टेला भ्याली, एवढेच.

गेल्या वर्षी तिने तपासायला आणलेली एक वही मी सहज चाळत होतो. श्रुतलेखनाप्रमाणे बाईंनी संख्या सांगायची आणि मुलांनी अंकात लिहायची, असा तो पाठ होता. एका मुलीने ‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहिले होते आणि ‘पस्तीस’ ऐकून ५३. ‘एकोणसत्तर’ला तिने ७१ लिहिले होते. तिन्ही चूक. पहिल्या नजरेला माझे मत असे झाले की, या मुलीचे लक्ष नाही. मग पत्नीने ती वही माझ्यापुढे धरून विचारले, “ती काय ऐकते आहे ते बघा ना.” त्रेपन्न या शब्दात कानाला आधी ‘त्रे’ ऐकू येते, मागून ‘पन्न’, मुलीने आधी तीन लिहिले, नंतर पाच. पस्तीसमध्ये आधी ‘पस्’, मग ‘तीस’. तिने आधी पाच लिहिले, नंतर तीन. एकोणसत्तर तिला ‘एक’ आणि ‘सत्तर’ असे ऐकू आले. सत्तर आणि एक म्हणजे ७१. पहिल्या दोन्ही चुका एकाच नियमाला धरून आहेत. जे आधी ऐकू येते ते आधी लिहावे, हा नियम तिला भाषेच्या तासाला आपणच शिकविलेला आहे. ‘कमळ’ ऐकल्यावर आधी क लिहायचा, मग म. गणिताच्या तासाला तोच नियम अचानक उलटा होतो आणि तो उलटा होतो हे तिला कोणी सांगत नाही.

नव्याण्णव नावांचा भार

आपली संख्यानामे ज्या क्रमाने बोलली जातात त्याच्या नेमक्या उलट क्रमाने ती लिहिली जातात. संस्कृतात एकविंशति, द्वाविंशति अशी एकक-आधी रचना होती. प्राकृतातून येताना ती नावे घासून गुळगुळीत झाली आणि त्यांचे सांधे दिसेनासे झाले. मोठ्या माणसाला हे जाणवत नाही, कारण त्याने ती सगळी नावे केव्हाच पाठ केलेली असतात. मुलाच्या जागी बसून पाहिले म्हणजे चमत्कार दिसू लागतात. ‘दोन’ हा शब्द घ्या. बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. या नऊ नावांत ‘दोन’ एकदाही दिसत नाही. ‘सहा’ची गत अधिकच मजेची: सोळा, सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर, शहाऐंशी, शहाण्णव, यांत ‘सहा’ स्वतःच्या रूपाने एकाच ठिकाणी भेटतो. दशकांची नावेही स्थिर राहत नाहीत. पन्नासचे कुठे ‘वन्न’, कुठे ‘पन्न’ होते; साठचे ‘सष्ट’, सत्तरचे ‘हत्तर’, नव्वदचे ‘ण्णव’. नऊवर संपणाऱ्या संख्या एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत आठ वेळा पुढच्या दशकाचे नाव घेऊन येतात, आणि मुलाला ही खोड समजली न समजली तोच नव्याण्णव हा शेवटचा गडी नियम मोडून उभा राहतो.

त्यात संख्या तीन अंकी झाली की आणखी कसरत. ५२१ वाचताना आपण ‘पाचशे’ म्हणतो ते डावीकडून, मग डोळा थेट उजव्या टोकाला जाऊन ‘एक’ उचलतो आणि परत मध्ये येऊन ‘वीस’ म्हणतो. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या दृष्टीची ही येरझार पाहिली म्हणजे, बहुसंख्य मुलांना हे अखेर जमते कसे याचेच आश्चर्य वाटते.

अर्थशास्त्राचा माणूस असल्याने मला हिशेबाच्या भाषेत बोलण्याची खोड आहे. एक ते नव्याण्णवपर्यंतच्या संख्या म्हणता येण्यासाठी मुलाला किती शब्द पाठ करावे लागतात? चिनी भाषेत दहा. कारण तेथे एकवीसला ‘दोन-दहा-एक’ म्हणतात आणि बाराला ‘दहा-दोन’. इंग्रजीत एक ते एकोणीस ही एकोणीस नावे आणि वीस ते नव्वद ही आठ, मिळून सत्तावीस. पुढे सर्व जोडणी. आपल्या शेजारच्या कन्नडात ‘इप्पत्तु’ म्हणजे वीस आणि ‘ओंदु’ म्हणजे एक, यांचा ‘इप्पत्तोंदु’ होतो. तेलुगू आणि तमिळमध्येही दशक आधी, एकक नंतर. मराठीत मात्र व्यवहारतः नव्याण्णव संख्यांना नव्याण्णव नावे. दशके आणि एकोणीसपर्यंतची नावे ठेवून ‘वीस एक’ या रीतीने मोजले तर हा आकडा मराठीतही नेमका सत्तावीसवर येतो. केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैत सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानानुसार मुलाने पहिलीच्या अखेरीस ९९ पर्यंतच्या आणि दुसरीच्या अखेरीस ९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्या-लिहाव्यात असे लक्ष्य आहे. लक्ष्य सर्व भाषांना एकच. परंतु ते गाठण्याची किंमत प्रत्येक भाषेत वेगळी आहे, याचा उल्लेख मला त्या चर्चेत कोठे ऐकू आला नाही.

ही किंमत काल्पनिक नाही. केविन मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली चिनी आणि अमेरिकन बालकांच्या मोजण्याचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. दहापर्यंत दोन्ही देशांतील मुले बरोबरीने मोजत होती. फरक पडला तो दहानंतर, जेथे इंग्रजीतील ‘इलेव्हन’, ‘ट्वेल्व्ह’ आणि ‘टीन’वाली अनियमित नावे सुरू होतात. दोन समाजांतील शिक्षणाच्या इतर फरकांचा भागही अशा तुलनेत असतो हे मान्य केले पाहिजे. तरीही नेमक्या त्याच ठिकाणी मुले अडखळावीत हा योगायोग नव्हे. दहा-पंधरा नावांच्या अनियमितपणाने इंग्रजी मुलाची वाट अडते, तर आपल्या मुलांसमोर पूर्ण शंभरीचा डोंगर आहे.

उल्हासनगरात हा डोंगर तिप्पट होतो. हे गावच मुळी छावणीतून उठलेले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव दिले. बराकी जवळजवळ नाहीशा झाल्या, कॅम्पांचे क्रमांक राहिले. मागून उत्तर भारतातून, मराठवाड्यातून, खानदेशातून माणसे आली. आज येथील मराठी शाळेतल्या एका बाकावर सिंधी, भोजपुरी आणि मराठी बोलणाऱ्या घरांतील मुले शेजारी-शेजारी बसलेली आढळतात. यांतील मुलाने शहाड स्थानकावर उभे राहावे. आठ वाजून एकोणपन्नास मिनिटांची गाडी येत असल्याचे ध्वनिक्षेपक मराठीत सांगतो. लगेच हिंदीत ती ‘उनचास’ मिनिटांची होते. मग इंग्रजीत ‘फॉर्टी नाइन’. एकूणनव्वदला मराठी नव्वदातून एक कमी करते, तर हिंदी ‘नवासी’ म्हणून ऐंशीत नऊ मिळविते. सिंधीतही एकक आधीच. घरातल्या आजोबांचे सिंधी अरबी वळणाच्या लिपीत उजवीकडून डावीकडे लिहिलेले, आणि त्यातले अंक मात्र डावीकडून उजवीकडे. इतक्या दिशांनी अंगावर येणाऱ्या संख्यांतून वाट काढणाऱ्या मुलाला आपण ‘काळजीपूर्वक लिही’ असा शेरा लाल शाईने देतो.

आम्ही नाही का शिकलो?

या विषयावर कोणाशी बोलावे तर पहिले उत्तर हेच मिळते. आमच्या पिढ्यान्‌पिढ्या एकवीस, बावीस म्हणत शिकल्या. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी तोंडपाठ केल्या. त्यांचे काही बिघडले नाही. हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो, परंतु तो करणारे कोण आहेत हे पाहिले पाहिजे. तो करणारे सगळे शिकलेले आहेत. जे शिकू शकले नाहीत, ते या वादात बोलायला हजरच नसतात. बाजारात टिकलेल्या दुकानांकडे पाहून धंद्यात नुकसान होतच नाही असे म्हणणाऱ्यासारखे हे झाले. आपल्या अंकगणिताची जुनी परंपरा तेजस्वी होती याबद्दल वाद नाही; पण तिच्या लाभार्थींची संख्या किती थोडी होती, हेही विसरता येत नाही.

माझ्या स्वतःच्या वर्गात एक मुलगा होता. शाळेचे नाव सांगत नाही. गुरुजी आज हयात नाहीत. ‘एकोणसाठ’, ‘एकोणसत्तर’ आणि ‘एकोणऐंशी’ यांत त्याची हटकून गफलत होत असे आणि गुरुजी त्याला दर शनिवारी फळ्यापाशी उभा करून हीच तीन नावे विचारीत. उत्तर चुकले की वर्ग हसे. मीही हसत असे. २०१९ मध्ये हसलो ते पहिल्यांदा नव्हे. तो मुलगा चौथीनंतर शाळेत दिसला नाही. पुढे तो एका कारखान्यात लागला आणि कापडाच्या ताग्यांचे हिशेब तोंडी करू लागला, हे मला त्यानेच एकदा लोकलमध्ये भेटल्यावर सांगितले. म्हणजे त्याचे डोके हिशेबाला अजिबात कमी नव्हते. नावांनी त्याचा घात केला होता, संख्यांनी नव्हे. हा फरक त्या गुरुजींना माहीत नव्हता, मलाही नव्हता, आणि तो मुलगा तर स्वतःला ‘ढ’ समजूनच शाळेबाहेर पडला.

महाविद्यालयात मला दुसरे टोक दिसते. प्रथम वर्ष वाणिज्यच्या वर्गात महागाईच्या निर्देशांकाबद्दल बोलताना मी ‘सत्त्याण्णव’ म्हटले की पुढच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, “सर, म्हणजे नाइंटी सेव्हन ना?” विचारणारा विद्यार्थी अमराठी असेलच असे नाही. बहुधा तो अस्सल मराठी घरातला असतो. दूरध्वनीचा क्रमांक, बसचा नंबर, क्रिकेटची धावसंख्या, परीक्षेचे गुण, सगळे तो इंग्रजीत सांगतो. वीसच्या पुढची मराठी संख्यानामे त्याच्या जिभेवरून जवळजवळ उतरली आहेत. ‘वीस एक’मुळे मराठी बुडेल अशी ज्यांनी ओरड केली, त्यांच्यापैकी कितीजणांच्या घरी मुले त्रेसष्ट आणि त्र्याहत्तर यांतला फरक न अडखळता सांगतील, याची विचारणा करण्याचे धाडस मी करणार नाही. माझ्या मते ‘वीस एक’ची पायरी नाकारल्याने मराठी संख्यानामे वाचली नाहीत, उलट, चढण इतकी उभी ठेवली की मुलांनी शेजारची इंग्रजीची सोपी वाट धरली. ‘ट्वेंटी वन’ म्हणजे तरी दुसरे काय आहे? ‘वीस एक’च. ते इंग्रजीत म्हटले तर प्रतिष्ठा आणि मराठीत म्हटले तर विनोद, असा हा न्याय आहे.

जुन्या नावांबद्दलचा जिव्हाळा मला समजतो. तो मलाही आहे. छत्तीसचा आकडा म्हणताच पाठीला पाठ लावून बसलेले देवनागरी तीन आणि सहा डोळ्यांपुढे येतात. बावनकशी सोने, शहाण्णव कुळे, नव्याण्णव आणि शंभरमधली हुरहूर, हे सारे भाषेचे वैभव आहे आणि ते ‘तीस सहा’ म्हणून येणार नाही. कोणी ते काढून टाका असे म्हणालेही नव्हते. एकदा संख्येचा ऐवज हाताला लागला की तिचे नटवे नाव शिकण्यात मुलांना गंमतच वाटते. माझ्या पत्नीच्या वर्गात ‘दोन हरवला आहे, शोधा’ असा एक खेळ चालतो. बावीस, बत्तीस, बेचाळीस ही नावे फळ्यावर लिहून त्यांत दडलेला दोन मुलांनी हुडकायचा. ‘बे’ म्हणजे दोन, हे पाढ्यांतून (बे एके बे) त्यांना माहीत असते. ‘बा’ आणि ‘ब’ हे त्याचेच भाऊ, हे त्यांना स्वतःला सापडते. संख्येचा अर्थ आधी कळलेला असेल तरच हा खेळ खेळता येतो, ही त्यातली मेख आहे.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. दोन नावे शिकविली तर मुलावरचा बोजा दुप्पट होणार नाही का, आणि बाजारात ‘पन्नास तीन’ म्हणणाऱ्या मुलाला लोक हसणार नाहीत का? नॉर्वेचा अनुभव येथे पाहण्यासारखा आहे. त्यांच्या भाषेत पूर्वी ‘एक-आणि-वीस’ असेच म्हणत. दूरध्वनीचे क्रमांक सांगण्या-ऐकण्यातील घोटाळे हे एक मोठे निमित्त होऊन तेथील सरकारने १९५१ साली ‘वीस-एक’ ही रीत अधिकृत केली. शाळा आणि नभोवाणी यांनी ती उचलली. तरीही सत्तर वर्षांनंतर कित्येक नॉर्वेजियन माणसे घरात जुन्या रीतीने मोजतात. दोन्ही रीती नांदत आहेत, भाषा बुडालेली नाही, आणि कायद्याने लोकांची जीभ बदलत नाही हेही सिद्ध झाले आहे. याउलट जर्मन भाषा आजही ‘एक-आणि-वीस’ म्हणते आणि तेथील मुले अंकांची उलटापालट करतात म्हणून तेथेही तक्रारी आहेत. म्हणजे हा प्रश्न कोणा एका मागासलेल्या भाषेचा नव्हे. त्यावर नॉर्वेइतके दूर जाण्याचेही आपल्याला कारण नाही. बालभारतीच्या पुस्तकात जे होते ते शिडीच्या खालच्या पायरीसारखे होते. वर चढल्यावर पायरी मागे राहते. तिने बोजा वाढत नाही.

वस्तुतः महाराष्ट्राला ही दृष्टी नवी नसावी. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले तेव्हा माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, माती, काड्या अशा आसपासच्या वस्तूंतून बालशिक्षणाची साधने त्यांनी आणि अनुताई वाघांनी उभी केली. मुले शाळेत येईनात तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. मूल जेथे आहे तेथून सुरुवात करायची, हे त्या कामाचे सूत्र होते. बोर्डी-कोसबाडचे कौतुक आपण भाषणांतून पुष्कळ केले. पद्मभूषण आणि पद्मश्री देऊन झाल्या. मात्र त्याच सूत्राने दुसरीच्या पुस्तकात एक ओळ आली तेव्हा तिची थट्टा केली.

मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की, त्या सबंध वादात प्राथमिक शिक्षकांना कोणी काही विचारले नाही. भाषातज्ज्ञ बोलले, साहित्यिक बोलले, पुढारी बोलले, आमच्यासारखे प्राध्यापक तर न विचारता बोलले. दररोज तीस-चाळीस मुलांच्या वह्यांतून ३५ आणि ५३ यांची अदलाबदल पाहणारी माणसे राज्यात लाखोंनी आहेत. त्यांच्यापैकी कोणाला ‘वीस एक’ उपयोगी पडते, कोणाला नाही, कोणी आपली तिसरीच युक्ती शोधली आहे, हे समजून घेण्याचा एकही गंभीर प्रयत्न झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. उलट शिक्षकांनी ‘नावीन्यपूर्ण उपक्रम’ करावेत, त्यांची छायाचित्रे काढून वर पाठवावीत, असा धोशा मात्र सुरू असतो. पताका लावलेला वर्ग आणि रंगविलेली भिंत छायाचित्रात छान येते. ‘एकोणसत्तर’ला ७१ का लिहिले हे मुलीच्या शेजारी बसून पाच मिनिटे समजून घेणे, हा उपक्रम छायाचित्रात येत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात २०२५-२६ पासून पहिलीचा अभ्यासक्रम बदलला असून पुढील इयत्तांचे अभ्यासक्रम आणि पुस्तके टप्प्याटप्प्याने बदलावयाची आहेत. पहिलीपासून कोणती भाषा शिकवावी यावरून २०२५ च्या एप्रिलपासून जूनपर्यंत जे रणकंदन झाले, त्यात दोन शासन निर्णय निघाले आणि अखेर रद्दही झाले. त्या गदारोळात संख्यानामांचा हा लहानसा विषय पुन्हा निघण्याचा संभव कमीच. तरी माझी सूचना साधी आहे. एखाद्या जिल्ह्यातील, हवे तर आमच्या ठाणे जिल्ह्यातीलच, काही शाळांत वर्षभर ‘पन्नास तीन, म्हणजे त्रेपन्न’ या रीतीने शिकवावे. तशाच दुसऱ्या शाळांत आजच्या रीतीने. वर्षाअखेरीस दोन्हीकडच्या मुलांना संख्या ऐकून लिहिण्यास आणि दोन अंकी बेरीज-वजाबाकी करण्यास सांगावे. बेरजा तपासणाऱ्यांना कोणती वही कोणत्या शाळेतील हे माहीत नसावे. निष्कर्ष जो निघेल तो जाहीर करावा. ‘वीस एक’चा काही उपयोग नाही असे ठरले तर मी माझे म्हणणे मागे घेईन. चिंचोके आणि जुनी कॅलेंडरे यांपलीकडे या प्रयोगाला खर्च नाही. शिक्षकांचा वेळ मात्र लागेल, आणि तो सर्वेक्षणे व नोंदवह्या यांतून सोडवून द्यावा लागेल.

त्या वहीतल्या मुलीचे पुढे काय झाले, असे मी परवा पत्नीला विचारले. तिने दुपारच्या सुट्टीत त्या मुलीला आणि आणखी दोघांना जवळ बसवून, दार अर्धवट लोटून, पुन्हा नोटा आणि चिंचोके काढले होते. मुलगी आता त्रेपन्न बरोबर लिहिते. एकोणसत्तर अजून दर दोन वेळांना एकदा चुकते. तेथे सत्तरच्या सात नोटा मांडून त्यांतली एक मोडावी लागते आणि सुट्या दहातला एक चिंचोका उचलून घ्यावा लागतो. “दार का लोटलेत?” असे मी विचारले. तिने उत्तर दिले नाही.